टर्पीन अर्कांचे प्रकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसमत-हिंगोलीचे हळद उत्पादक, जालन्याचे मोसंबीवाले, बीड-लातूर-धाराशिवकडे सुगंधी गवत लावलेले शेतकरी, साबण-अगरबत्तीचे छोटे कारखानदार आणि ऑनलाइन ‘हेम्प टर्पीन’ची (हेम्प म्हणजे गांजाच्याच झाडाचा कमी नशेचा प्रकार) बाटली बघून बुचकळ्यात पडलेले ग्राहक यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टर्पीन म्हणजे नेमकं काय? ते फक्त गांजातच असतं का?

नाही. झाडाच्या वासामागं बहुतेक वेळा टर्पीनच असतात. पाच कार्बनचे दोन तुकडे जुळले की दहा कार्बनचं मोनोटर्पीन होतं आणि तीन जुळले की पंधरा कार्बनचं सेस्क्विटर्पीन. मोनोटर्पीन हलके आणि पटकन उडून जाणारे, तर सेस्क्विटर्पीन जड आणि टिकाऊ. मोसंबीच्या सालीत लिमोनीन, गवती चहात सिट्रल, रोशा गवतात जिरॅनिऑल, हळदीत टर्मेरोन, मिरी-लवंगेत कॅरिओफिलीन असतं. गांजाच्या वासात मर्सीन, लिमोनीन, पायनीन, लिनालूल, कॅरिओफिलीन हेच रेणू असतात, फक्त प्रमाण वेगळं. काटेकोर बोलायचं तर ऑक्सिजन जोडलेल्या रेणूंना टर्पिनॉइड म्हणतात. बाजारात सगळ्यांना सरसकट टर्पीन म्हणतात, म्हणून इथंही तेच नाव वापरलं आहे.

२. बाजारात टर्पीनचे अर्क किती प्रकारचे मिळतात आणि त्यांत फरक काय?

फरक पडतो तो काढण्याच्या पद्धतीमुळे. एकाच टोपलीतली हळद वेगवेगळ्या पद्धतींनी काढली तर वेगवेगळ्या वस्तू हातात येतात.

वाफेवर काढलेलं तेल, म्हणजे ऊर्ध्वपातित सुगंधी तेल, सगळ्यात ओळखीचं. त्यात फक्त उडणारे घटक येतात. रंगद्रव्य, मेण, तिखटपणा, कर्क्युमिन यातलं काही येत नाही. वाफेची उष्णता आणि पाणी सोसेल तेवढंच टिकतं, त्यामुळे काही नाजूक वास बदलतात.

दाबून काढलेलं तेल फक्त लिंबूवर्गात चालतं, कारण तिथं तेलाच्या पिशव्या सालीच्या वरच्या थरातच असतात. उष्णता लागत नाही म्हणून वास ताज्या फळासारखा राहतो. मात्र सालीतले मेण आणि न उडणारे घटकही सोबत येतात (प्रश्न १८ पाहा).

ओलिओरेझिन हे ॲसिटोन, इथाइल ॲसिटेट, हेक्झेन अशा द्रावकानं काढतात आणि नंतर द्रावक उडवून लावतात. हाती दाट, चिकट द्रव येतो. त्यात तेलही असतं आणि रंग-चवीचे जड घटकही. मसाला उद्योगाला हेच लागतं. मोगऱ्यासारख्या फुलांचं द्रावकानं आधी मेणट काँक्रीट काढतात, ते अल्कोहोलनं धुऊन ॲब्सोल्यूट करतात. तत्त्व तेच.

सीओटू अर्कात कार्बन डाय-ऑक्साइडच द्रावक असतो (प्रश्न ४). आयसोलेट म्हणजे तेलातून निर्वात ऊर्ध्वपातनानं वेगळा काढलेला एकच रेणू, उदाहरणार्थ रोशा तेलातून जिरॅनिऑल किंवा गवती चहाच्या तेलातून सिट्रल. तोच रेणू कारखान्यात रसायनांपासूनही बनतो. आणि शेवटी ब्लेंड, म्हणजे वेगवेगळे आयसोलेट व तेलं ठरावीक प्रमाणात मिसळून केलेलं मिश्रण. ‘अमुक स्ट्रेनचं (म्हणजे गांजाच्या वाणाचं) टर्पीन’ म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक हेच असतं.

वाफेसोबत निथळलेलं सुगंधी पाणी म्हणजे हायड्रोसोल. त्यात विरघळलेलं तेल अगदी नाममात्र असतं. त्याला अर्क म्हणून अर्काच्या भावात घेऊ नका.

३. मग सगळ्यात चांगला कोणता?

हा प्रश्न वस्तू ठरल्याशिवाय सुटत नाही. साबण, फिनेल, अगरबत्तीला वाफेवरचं तेल पुरतं. लोणचं, फरसाण, मसाल्याला ओलिओरेझिन, कारण चव आणि रंग दोन्ही हवेत. प्रत्येक बॅच तंतोतंत एकसारखी लागत असेल तर आयसोलेटचं ब्लेंड घ्या, कारण शेतातलं तेल हंगामागणिक बदलतं. महागडा अत्तराचा किंवा सौंदर्यप्रसाधनाचा माल असेल तरच सीओटू अर्काचा विचार करा. ‘शंभर टक्के शुद्ध’ हे शब्द कोणत्याही प्रकाराच्या बाटलीवर असू शकतात आणि त्यांतून पद्धत कळत नाही.

४. सीओटू अर्क एवढा महाग का? आमच्या शेतकरी गटाला असं युनिट परवडेल का?

कार्बन डाय-ऑक्साइड ३१.१ अंश सेल्सिअस आणि साधारण ७४ बार दाबाच्या पुढं गेला की वायूसारखा शिरतो आणि द्रवासारखा विरघळवतो. ८० ते १०० बारच्या आसपास हलकं सुगंधी तेल निघतं. २५० ते ३५० बारला मेण, स्थिर तेल, राळ सगळं येतं. म्हणून एकाच झाडाचे ‘सिलेक्ट’ आणि ‘टोटल’ असे दोन अर्क मिळतात. घेताना कोणता ते विचारा.

दाब काढला की वायू उडून जातो, द्रावकाचा अंश उरत नाही, तापमानही चाळीस-पन्नास अंशांत राहतं. वास उत्तम येतो. पण तीनशे बार सोसणारी भांडी, पंप, चिलर, अखंड वीज आणि प्रशिक्षित माणूस हे सगळं लागतं. गवती चहासारख्या किलोमागं बेताचा भाव मिळणाऱ्या तेलासाठी हे युनिट घालणं म्हणजे आमच्या मते पैसा बुडवणं. मसाला, औषधी किंवा दुर्मीळ मालाचा बारमाही पुरवठा आणि खरेदीदाराचा लेखी करार असेल तरच पुढं जा.

५. जिरॅनिऑल २३० अंशांना उकळतं, पाणी १०० ला. मग वाफेत तेल येतं कसं?

पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघांचा बाष्पदाब स्वतंत्रपणे भरतो आणि त्यांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळतं. म्हणून ते १०० च्या थोडं खालीच उकळतं. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असल्यानं तिथं नुसतं पाणीच साधारण ९८ अंशांना उकळतं. हलक्या टर्पीनचा वाटा वाफेत मोठा असतो म्हणून ते आधी येतात, जड मागून. भट्टी लवकर बंद केली तर तेलाचा वास हलका आणि अपुरा का लागतो, ते यावरून कळेल.

इंटरनेटवरच्या गांजा-टर्पीनच्या तक्त्यांत कॅरिओफिलीनचा उकळबिंदू ११९ किंवा १६० अंश दिलेला दिसतो. तो हवेच्या सामान्य दाबाखालचा नाही. प्रत्यक्षात तो २५० च्या वर आहे. त्या तक्त्यांवर तापमान ठरवू नका.

६. परसातला गवती चहा वाढवून तेल काढता येईल का?

निघेल, पण विकायला अडचण येईल. चहात घालतो तो गवती चहा बहुतेक सिट्रॅटस जातीचा. त्याच्या तेलात मर्सीन जास्त असल्यानं ते अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही आणि लवकर खराब होतं. तेलासाठी फ्लेक्सुओसस जात लावतात. तिच्यात सिट्रल साधारण ७० ते ८५ टक्के असतं. लखनौच्या सीमॅप या संस्थेनं कृष्णा, प्रगती, कावेरी, सिम-शिखर असे वाण दिले आहेत. रोप बियाण्यापासून नको, फुटव्यापासून घ्या. बियाण्याच्या रोपांत सरमिसळ होते आणि तेल एकसारखं येत नाही.

७. एक टन गवतातून दोन-तीन किलोच तेल येतं. शेजाऱ्याला सहा येतं. कुठं चुकतं?

चांगल्या फ्लेक्सुओससचं हिरवं एक टन गवत ५ ते ७ किलो तेल देतं. कमी येत असेल तर वाण तपासायच्या आधी भट्टी तपासा.

पहिली गोष्ट भरणी. गवत सैल पडलं असेल तर वाफ सोपी वाट शोधून मधूनच वर निघून जाते आणि कडेचं गवत हिरवंच राहतं. भट्टी उघडल्यावर टाकीच्या कडेला हिरवे, कच्चे पुंजके दिसले तर कारण हेच. गवत १५-२० सेंटिमीटरचे तुकडे करून, थरावर थर टाकून, पायानं दाबून भरा. कडेला जास्त दाबा, मध्ये कमी. जाळीखाली वाफ सगळीकडं समान येते का तेही बघा. वाफेच्या नळीची भोकं गाळानं बुजलेली असतात.

दुसरी गोष्ट कापल्यावरचे काही तास. गवत सावलीत पातळ पसरून अर्धा ते एक दिवस सुकवलं तर पाणी कमी होतं, टाकीत जास्त माल मावतो, जळणही वाचतं. तेच गवत रात्रभर ढीग घालून ठेवलं तर आतून तापतं, वाफाळतं आणि तेल उडतं. हात घालून बघा. आत हाताला ऊब लागली तर नुकसान सुरू झालं आहे. पावसात भिजलेलं गवत भरू नका.

तिसरी गोष्ट वेळ. गवती चहाला दोन ते तीन तास लागतात. बंद केव्हा करायची ते घड्याळ बघून ठरवू नका. निथळणारं पाणी पंधरा मिनिटं अरुंद काचेच्या नळीत धरा. वर तेलाचा थर दिसेनासा झाला की जाळ काढा.

चौथी गोष्ट कंडेन्सर (प्रश्न ८). पाचवी रिसीव्हर. तेलाला पाण्यापासून सुटायला शांत जागा आणि वेळ लागतो. रिसीव्हर लहान असेल किंवा धार जोरात पडत असेल तर तेलाचे बारीक थेंब खालच्या नळीनं पाण्यासोबत निघून जातात. बाहेर पडणारं पाणी गढूळ, दुधाळ दिसत असेल तर तेल वाहून जातंय असं समजा.

रोशा गवताचा हिशोब थोडा वेगळा. त्याचं तेल मुख्यतः फुलोऱ्यात असतं, म्हणून फुलोरा पूर्ण आल्यावर कापतात. शिवाय जिरॅनिऑल पाण्यात थोडं विरघळतं. ते पाणी टाकून न देता पुढच्या घाण्याला परत टाकीत घ्या.

८. कंडेन्सरला किती पाणी लागेल? आमच्याकडं उन्हाळ्यात बोअर आटते.

हिशोब सोपा आहे. एक किलो वाफ थंड होऊन चाळीस अंशांचं पाणी होताना साधारण ६०० किलोकॅलरी उष्णता सोडते. थंडाव्याचं पाणी २० अंशांनी तापू दिलं तर प्रत्येक किलो वाफेला ३० लिटर पाणी फिरवावं लागतं. तासाला १०० किलो वाफ म्हणजे तासाला तीन हजार लिटर. हे पाणी खर्च होत नाही, फिरतं. शेततळं किंवा साधा कूलिंग टॉवर असेल तर पुन्हा वापरता येतं. मे महिन्यात शेततळ्याचं पाणीच ३२-३३ अंश असतं, तेव्हा वीस अंश वाढीची मुभा उरत नाही. त्या दिवसांत भट्टी पहाटे लावा किंवा वाफ कमी सोडा.

निथळणारं पाणी हाताला कोमट, ३५ ते ४० अंशांचं असावं. गरम धार येत असेल तर सिट्रल हवेत जातंय आणि शेडभर वास सुटतोय. तो वास म्हणजे वाया गेलेला माल. बॉयलरला मात्र बोअरचं क्षारयुक्त पाणी थेट देऊ नका. नळ्यांत चुन्याचा थर बसतो आणि जळण वाढतं. सॉफ्टनर लावा.

९. तेल लालसर-काळं किंवा गढूळ का येतं?

लाल-तपकिरी रंग बहुतेक वेळा लोखंडामुळे. सिट्रल आणि फिनॉलचे घटक गंजाशी लागले की रंग धरतात. कंडेन्सर आणि रिसीव्हर तरी ३०४ स्टीलचे हवेत. करपल्यासारखा वास असेल तर खाली पाणी आटून गवत तापलेल्या बुडाला लागलं आहे. गढूळपणा म्हणजे तेलात राहिलेलं पाणी. चोवीस तास स्थिर ठेवा, खालचं पाणी काढा, मग लिटरला २०-३० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट घालून हलवा आणि गाळा. पाणी तसंच ठेवलं तर महिन्याभरात वास आंबट होतो.

१०. वसमतकडं हळद काढायच्या आधी पाला कापून फेकतो. त्यातून तेल निघतं का? ते हळदीचं तेलच का?

निघतं, पण ते कंदाच्या तेलासारखं नसतं. पाल्याच्या तेलात अल्फा-फेलँड्रीन, टर्पिनोलीन, सिनिओल असे हलके मोनोटर्पीन असतात आणि वास ताजा, थोडा निलगिरीकडं झुकणारा. कंदाच्या तेलात मुख्यतः टर्मेरोन, म्हणजे जड सेस्क्विटर्पीन. दोन्हींना एकाच भावाची अपेक्षा धरू नका आणि दोन्ही मिसळूही नका.

हिरवा, निरोगी पाला असेल तर टनाला साधारण ३ ते ५ किलो तेल धरता येतं. पूर्ण वाळलेल्या, करपा पडलेल्या पाल्यातून त्याहून कमी. पाला कापल्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी भट्टीला लावा. फवारणीची नोंद ठेवा, कारण काही कीटकनाशकांचे अंश वाफेसोबत तेलात येतात आणि खरेदीदार तपासून माल परत करतो.

वाळलेल्या हळदीत तेल ३ ते ५ टक्के असतं. पण सबंध कांडी भट्टीत घालून उपयोग नाही, भरड दळावी लागते आणि आठ-दहा तास वाफ द्यावी लागते. विक्रीच्या कांडीपेक्षा कोचा, मोड, चुरा यासाठी वापरणं परवडतं.

आणि एक गैरसमज. कर्क्युमिन टर्पीन नाही आणि वाफेवरच्या तेलात ते नसतं. कर्क्युमिनचा भाव ऐकून तेलाची भट्टी घालणाऱ्यांची निराशा इथंच होते. कर्क्युमिन हवं असेल तर ओलिओरेझिनचा मार्ग, त्यासाठी द्रावकाचा कारखाना लागतो. त्या कारखान्यात कर्क्युमिनचे स्फटिक वेगळे केल्यावर उरणाऱ्या तेलकट भागात टर्मेरोन भरपूर असतं आणि हळदीच्या वासाचं बरंच तेल बाजारात याच वाटेनं येतं.

११. जालन्याच्या मोसंबीच्या साली रसवाल्यांकडून फुकट मिळतात. त्याचं काय करावं?

मोसंबीच्या सालीच्या तेलात लिमोनीन ९० टक्क्यांच्या वर असतं. रसवंतीच्या साली दाबून तेल काढणं अवघड, कारण त्या चिरलेल्या, रसानं ओल्या आणि तास-दोन तास उन्हात पडलेल्या असतात. त्या वाफेवरच न्याव्या लागतात आणि त्याच दिवशी. रस-गर खरवडून काढा. त्यातल्या आम्लामुळे वास बदलतो.

हे तेल खाद्य सुगंधापेक्षा सफाईचं द्रव, ग्रीस काढणारं क्लीनर यांत जास्त चालतं. लिमोनीन थर्मोकोल विरघळवतं. थर्मोकोलच्या कपात दोन चमचे ओतून बघा, बूड सुटतं. म्हणून पॅकिंगला कुठलाही प्लास्टिक डबा चालत नाही (प्रश्न १९). आणि साधारण ४८ अंशांना ते भडका घेऊ शकतं, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये गॅस शेगडीजवळ कॅन नको.

१२. आयसोलेट निसर्गातून आलाय की कारखान्यातून, हे कळतं का?

एकट्या शुद्ध रेणूकडं बघून साध्या तपासणीत कळत नाही. रेणू तोच असतो. जीसी म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी, तेलातले उडणारे घटक वेगळे करून मोजायची तपासणी. तिच्याच कायरल जीसी नावाच्या प्रकारात काही रेणूंची उजवी-डावी रूपं मोजतात. निसर्गातल्या लिनालूलमध्ये सहसा एक बाजू जड असते, रासायनिकमध्ये दोन्ही समान. कार्बन-१४ तपासणीनं खनिज तेलापासून बनलेला माल ओळखता येतो. पूर्ण तेलाची गोष्ट सोपी आहे. गवती चहाच्या खऱ्या तेलात सिट्रलसोबत मिथाइल हेप्टेनोन, जिरॅनिऑल, जिरॅनिल ॲसिटेट थोडं थोडं असतंच. ते अजिबात नसेल आणि सिट्रल मात्र ९५ टक्के असेल, तर ते तेल नव्हे.

१३. जीसी रिपोर्ट मिळाला. त्यात काय बघायचं?

आधी बॅच क्रमांक आणि तारीख बाटलीवरच्याशी जुळवा. जुना किंवा दुसऱ्याच मालाचा रिपोर्ट दाखवण्याचा प्रकार सर्रास चालतो. मग मुख्य घटक अपेक्षित मर्यादेत आहे का ते बघा. गवती चहात जिरॅनिअल आणि निरल हे सिट्रलचे दोन भाग साधारण ३:२ या मानानं येतात. रोशात जिरॅनिऑल ७५ टक्क्यांच्या पुढं हवं. लिंबूवर्गाच्या तेलात पॅरा-सायमीन, कार्व्होन, लिमोनीन ऑक्साइड वाढलेले दिसले तर माल जुना, हवा लागलेला.

जीसी फक्त उडणारे घटक मोजतं. एरंडेल किंवा खोबरेल मिसळलं असेल तर टक्केवारीची बेरीज तरीही शंभरच्या आसपास दिसते. म्हणून जीसीसोबत घनता, अपवर्तनांक आणि बाष्पीभवनानंतरचा अवशेष मागा. नमुना कन्नौजच्या सुगंध व सुरस विकास केंद्राकडं किंवा लखनौला सीमॅपकडं पाठवता येतो.

१४. लॅब परवडत नाही. घरच्या घरी भेसळ ओळखता येईल का?

सगळी नाही, पण भोंगळ भेसळ पकडता येते. कोऱ्या कागदावर एक थेंब टाका. मोकळ्या हवेत दिवसभरानंतर तुपासारखा डाग राहिला तर खाद्यतेल मिसळलंय. वाळा, हळद अशा जड तेलांना ही परीक्षा लावू नका, त्यांचा डाग मुळातच रेंगाळतो. अल्कोहोलची भेसळ मोजनळीत कळते. दहा मिली तेलात दहा मिली मिठाचं संपृक्त पाणी घालून हलवा, स्थिर होऊ द्या. तेलाचा थर नऊ मिलीवर आला तर एक मिली स्पिरिट होतं. रॉकेल किंवा टर्पेंटाइन असेल तर रोशा तेल ७० टक्के अल्कोहोलच्या दुप्पट मापात स्वच्छ विरघळत नाही, दुधाळ होतं.

१५. ऑनलाइन ‘कॅनाबिस टर्पीन’, ‘बोटॅनिकल टर्पीन’, ‘लाइव्ह टर्पीन’ अशी नावं दिसतात. फरक काय?

‘कॅनाबिस डिराइव्ड’ म्हणजे गांजाच्या फुलोऱ्यातूनच काढलेलं. त्यात शेकडो किरकोळ घटक, गंधकाची संयुगंही येतात, म्हणून वास झाडासारखा लागतो. झाड वाळवताना हलके मोनोटर्पीन उडतात. ‘लाइव्ह’ म्हणजे कापल्याबरोबर गोठवून, न वाळवता काढलेलं. ‘बोटॅनिकल’ म्हणजे संत्रं, मिरी, लवंग, पाइन अशा इतर झाडांपासून घेतलेले रेणू जुळवून केलेलं ब्लेंड. तिसरं कारखान्यातलं सिंथेटिक ब्लेंड. कॅनडासारख्या देशात, जिथं २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, तिथं तिन्ही प्रकार उघडपणे विकले जातात. भारतात या नावानं जे मिळतं ते बोटॅनिकल किंवा सिंथेटिक असायला हवं. तसं नसेल तर पुढचा प्रश्न वाचा.

१६. महाराष्ट्रात हे कायदेशीर आहे का? हेम्प लावून तेल काढू का?

नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा, १९८५ नुसार फुलोरा किंवा फळं आलेले शेंडे म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस, आणि परवान्याशिवाय लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व दंड होऊ शकतो. अमेरिकेत टीएचसी (गांजातला नशेचा घटक) ०.३ टक्क्यांच्या आत असेल तर हेम्प वेगळं धरतात, आपल्या कायद्यात गांजाच्या व्याख्येला अशी मर्यादा नाही. ‘यात नशा नाही’ हा बचाव शेतात चालत नाही. उत्तराखंडानं २०१८ मध्ये परवान्याखाली औद्योगिक हेम्पला वाट दिली, ती त्या राज्यापुरती.

एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनं नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पचं बी, बियांचं तेल आणि पीठ खाद्य म्हणून मान्य केलं. बियांचं तेल हे करडई-जवसासारखं स्थिर तेल आहे आणि त्यात टर्पीन जवळपास नसतात. ‘हेम्प सीड ऑइल’ घेऊन टर्पीन मिळाले असं समजणं चूक. सुगंधी गवत, हळद, मोसंबी, ओवा यांच्या टर्पीनला हा कायदा लागू नाही.

१७. टर्पीननं नशा चढते का? लघवीच्या तपासणीत दिसतं का?

नशा टीएचसीची असते, टर्पीनची नव्हे. मिरी खाऊन जेवढी चढते तेवढीच. तपासणी टीएचसीचे अवशेष शोधते, शुद्ध टर्पीन त्यात येत नाहीत. कॅरिओफिलीन शरीरातल्या सीबी-२ या रिसेप्टरला (पेशीवरच्या रेणू बसायच्या जागेला) चिकटतं हे खरं, पण त्यावरून बाटलीवर छापलेले झोप, चिंता, वेदना यांचे दावे सिद्ध होत नाहीत. गांजाच्या फुलोऱ्यातून काढलेल्या निकृष्ट मालात टीएचसी राहून गेलेलं असू शकतं, त्याला हे उत्तर लागू नाही.

वेपमध्ये घालण्याबद्दलही विचारतात. ई-सिगारेटवर २०१९ च्या कायद्यानं देशभर बंदी आहे. शिवाय खाण्यायोग्य म्हणून मान्य असलेला पदार्थ फुप्फुसाला चालतो असं नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत वेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याचे जे रुग्ण सापडले, त्यांत घट्टपणासाठी घातलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट मुख्य कारण ठरलं.

१८. अंगाला लावायला किती प्रमाण? लिंबाच्या तेलानं काळे डाग पडतात म्हणतात, खरं का?

अंगाला एक ते दोन टक्के. ३० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात ६ थेंब म्हणजे साधारण एक टक्का. सिट्रल काहींच्या कातडीला झोंबतं, म्हणून आधी कोपराच्या आत लावून एक दिवस बघा. निलगिरी-कापूर लहान बाळाच्या नाकाजवळ नको, आणि यातलं काहीही चमच्यानं पाजू नये.

डागांचं खरं आहे, पण सगळ्या तेलांना लागू नाही. कागदी लिंबाच्या दाबून काढलेल्या तेलात फुरानोकुमारिन असतात. ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजते, डाग पडतो. तेच लिंबू वाफेवर काढलं तर हे जड घटक येत नाहीत आणि हा धोका जवळपास उरत नाही. मोसंबी-संत्र्याच्या तेलात हा त्रास सहसा होत नाही. जुन्या लिमोनीननं मात्र खाज सुटते, कारण हवेनं त्याची हायड्रोपेरॉक्साइड बनतात.

१९. परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात तेल कुठं आणि कशात ठेवायचं?

मे महिन्यात बाहेर ४२-४४ अंश असताना पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त तापतं. तळमजल्यावरची, उत्तरेकडची, जाड भिंतीची खोली शोधा. गडद रंगाची काच किंवा ॲल्युमिनिअमची बाटली वापरा. थोड्या दिवसांसाठी एचडीपीई ड्रम चालतो, पण लिंबूवर्गाला तोही नको. बाटली गळ्यापर्यंत भरा. अर्धी बाटली म्हणजे अर्धी हवा, आणि सिट्रल-लिमोनीन हवेनंच खराब होतात. माल कमी झाला की लहान बाटलीत उतरवा. रबरी बूच लावू नका, ते फुगून तेलात रंग सोडतं. लिंबूवर्गाचं तेल वर्षभरात संपवा. वाळा आणि रोशा जास्त टिकतात, वाळ्याचं तेल तर मुरल्यावर चांगलं होतं.

२०. मसाल्याच्या ओलिओरेझिनमध्ये द्रावक राहतो का?

राहू शकतो, म्हणून मर्यादा असतात. अमेरिकेच्या नियमांत मसाल्याच्या ओलिओरेझिनला हेक्झेन २५ आणि ॲसिटोन ३० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत तेवढे भाग) चालतं. निर्यातदार याच आकड्यांवर माल घेतात. रिपोर्टमध्ये ‘रेसिड्युअल सॉल्व्हंट’ची ओळ नसेल तर मागून घ्या. घरी स्पिरिटमध्ये हळद भिजवून ‘ओलिओरेझिन’ बनवण्याच्या चित्रफिती फिरतात. तो जाळाशी खेळ आहे, आणि स्पिरिटला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो तो वेगळाच.

२१. वाळ्याचं तेल पाण्यावर तरंगत नाही, मध्येच लोंबकळतं किंवा तळाला जातं. भेसळ आहे का?

बहुतेक वेळा नाही. वाळ्याच्या तेलाची घनता ०.९८ ते १.०४ च्या दरम्यान, म्हणजे पाण्याच्या अगदी जवळ. त्यामुळे रिसीव्हरमध्ये थोडं वर, थोडं खाली आणि बरंचसं मध्ये असं पसरतं. लवंगेचं तेल तर सरळ बुडतं. अशा तेलांना वरून तेल काढणारा नेहमीचा रिसीव्हर चालत नाही, खालून तोटी असलेला घ्या. कंडेन्सर फार थंड ठेवू नका, नाहीतर दाट तेल नळ्यांतच चिकटतं. निथळणारं पाणी ४५-५० अंशांवर राहू दिलं तर घनतेतला फरक वाढून तेल लवकर सुटतं. भट्टी चौदा तासांहून जास्त चालवावी लागते, आणि पहिल्या पाच-सहा तासांचं तेल वेगळं धरलं तर हलका आणि जड भाग मिसळत नाहीत. दोन्हींचे नमुने खरेदीदाराला वेगळे दाखवा. कोणाला एकत्र हवं असेल तर मिसळायला नंतर वेळ आहेच.